२१४ आणि ३३

सरकारी तक्ते सहसा वाचून बाजूला ठेवता येतात. मे २०२० मध्ये, कोविडच्या साथीत, अमेरिकेच्या कृषिखात्यानं काढलेला जनावरामागं द्यायच्या मदतीच्या दरांचा तक्ता मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. त्यातली एकच ओळ. पोसून कत्तलीला तयार झालेलं जनावर: पहिल्या रकान्यात २१४ डॉलर, दुसऱ्या रकान्यात ३३ डॉलर. जनावर तेच, वजन तेच, गोठाही तोच. १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलं असेल तर पहिला रकाना. १६ एप्रिलनंतर दावणीलाच उभं असेल तर दुसरा. शंभर जनावरांचा हिशेब केला तर एकाला २१,४०० डॉलर आणि रस्त्यापलीकडच्याला ३,३००. मधला फरक १८,१०० डॉलरचा, आणि तो पडला कशानं, तर कुणाचा ट्रक कोणत्या तारखेला निघाला यानं.

आयोवा राज्याच्या वायव्य कोपऱ्यातली सू काउंटी (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) डोळ्यांपुढे ठेवून हा तक्ता वाचावा. लिहिताना 'सिऊक्स'सारखं दिसणारं पण बोलताना नुसतं 'सू'. माणसं पस्तीस हजारांच्या आसपास, डुकरं दहा लाखांच्या वर. शिवाय मांसासाठी पोसलेली गुरं, दुभत्या गाई आणि नजर जाईल तिथवर मका-सोयाबीन. एक मैल लांब, एक मैल रुंद अशा चौकोनांत कापलेली जमीन, मधून खडीचे रस्ते, आणि प्रत्येक चौकोनात कुठं ना कुठं पत्र्याची लांबट बराकी. वारा कोणत्या बाजूचा आहे ते नाकाला कळतं. डच वस्तीचा मुलूख; ऑरेंज सिटी हे काउंटीचं मुख्य गाव, दर मे महिन्यात तिथं ट्युलिपची जत्रा भरते. २०२० साली फुलं आली, जत्रा भरली नाही. एप्रिलमध्ये तिथला शेतकरी खरं तर पेरणीच्या गडबडीत असतो. अमोनियाच्या पांढऱ्या टाक्या रस्त्यानं फिरत असतात, पेरणीयंत्राच्या डब्यांत बी भरलं जात असतं. त्या वर्षी तीही कामं चालूच होती. मक्याला साथीचं काय! पण फोन वाजला की पोटात गोळा येई, कारण पलीकडे कत्तलखान्याचा खरेदीदार असे आणि त्याच्या तोंडी एकच वाक्य असे: पुढच्या आठवड्यात बघू.

दोन रकाने आले कुठून? पैसा दोन वेगळ्या थैल्यांतून येणार होता म्हणून. १७ एप्रिल २०२० ला तेव्हाचे कृषिमंत्री सनी पर्ड्यू यांनी १९ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. त्यातले ३ अब्ज अन्नखरेदीचे, म्हणजे गरजूंना वाटायच्या खोक्यांचे, आणि १६ अब्ज थेट शेतकऱ्यांच्या खात्यात जायचे. या योजनेला, तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून, सगळे 'सी-फॅप' म्हणू लागले. १६ अब्जांपैकी साडेनऊ अब्ज आले मार्चअखेरीस साथीच्या मदतीसाठी झालेल्या केअर्स कायद्यातून आणि साडेसहा अब्ज कमोडिटी क्रेडिट कॉर्पोरेशनकडून. ही कॉर्पोरेशन म्हणजे १९३३ च्या मंदीत जन्मलेली, कृषिखात्याच्या दिमतीला असलेली सरकारी पेढी. पहिल्या थैलीचा कायदा झालेल्या भावघसरणीची भरपाई द्या म्हणतो. दुसऱ्या थैलीचा कायदा बाजार विस्कळीत झाल्यानं माल पडून राहिला, त्याला हातभार लावा म्हणतो. झालेलं आणि होणारं यांच्यामध्ये कुठंतरी रेघ मारायलाच हवी होती. ती १५ एप्रिलवर मारली गेली. पहिल्या थैलीत भावाची घसरण मोजून दर काढला, दुसऱ्या थैलीचा दर वेगळ्या हिशेबानं काढला. एकीकडे २१४ आले, दुसरीकडे ३३. हिशेबाच्या दृष्टीनं त्यात चूक काढता येत नाही.

गोठ्याच्या दृष्टीनं ती रेघ नेमकी उलट्या जागी पडली होती.

शेजारच्या साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्सचा डुकरांचा कारखाना बेमुदत बंद राहणार हे जाहीर झालं १२ एप्रिलला. वर्दिंग्टनचा कारखाना, दिवसाला वीस हजारांच्या घरात डुकरं कापणारा, २० एप्रिलला बंद झाला. वॉटर्लूचा २२ एप्रिलला. डाकोटा सिटीचा गुरांचा मोठा कारखाना मे महिन्याच्या पहिल्या दिवसांत सफाईसाठी थांबला. म्हणजे ज्या कारखान्यांकडे या भागातला माल जातो ते एकामागोमाग एक बंद पडले ते बहुतेक रेघेनंतर. २८ एप्रिलला राष्ट्राध्यक्षांनी कारखाने चालू ठेवण्याचा आदेश काढला तेव्हा देशाची कापण्याची ताकद साधारण चाळीस टक्क्यांनी खाली आली होती. आदेश निघाला म्हणून आजारी माणसं सुरी धरायला उभी राहत नाहीत. तिकडे दुकानात जाणाऱ्या गोमांसाचा घाऊक भाव मेच्या मध्यात शंभर पौंडाला ४७५ डॉलरच्या आसपास पोचला. जिवंत जनावराचा भाव त्याच सुमारास शंभरच्या आगेमागे घुटमळत होता. साथीची खरी झळ बसली ती या आठवड्यांत आणि याच आठवड्यांचा दर ३३ होता. ज्यानं फेब्रुवारीत, साथ बातम्यांपुरती असताना, बऱ्या भावात माल काढला त्यालाही २१४. खरंच तोट्यात विकलं का, हे अर्जात कुणी विचारलंच नव्हतं.

तयार जनावर म्हणजे शेल्फवरचा डबा नव्हे. चौदाशे पौंडांचं पोसलेलं जनावर दिवसाला तीन-साडेतीन पौंड वाढत राहतं, पण आता ती वाढ चरबीची असते, खाद्य जास्त लागतं आणि कारखाना जादा चरबीला भाव कापतो. गुरांच्या मालकाला निदान हात आखडता घेता येतो. रातीबातला मका कमी करून चारा वाढवला की महिना-दीड महिना ढकलता येतो. डुकराचं तसं नाही. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवसांनी वितेच. पिल्लं तीन आठवड्यांत आईपासून तुटतात, सहा महिन्यांत २८० पौंडांची होतात आणि त्यांच्या जागी यायची पुढची बॅच तोवर ट्रकमध्ये चढलेली असते. एप्रिल २०२० मध्ये विक्रीला आलेल्या डुकरांची गर्भधारणा आदल्या वर्षीच्या जूनजुलैतली. तेव्हा साथीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं. मग उपाय काय? बराकीचं तापमान दोनचार अंशांनी चढवायचं, म्हणजे उकाड्यानं डुकरं कमी खातात. खाद्यातली सोयापेंड कमी करून भुसा, कोंडा वाढवायचा, म्हणजे पोट भरतं पण अंगाला लागत नाही. एका बाजूला १,२०० जनावरांची जागा असेल तिथं दाटीवाटी करायची. हे सगळं करूनही ३०० पौंडांच्या पुढं गेलेलं डुक्कर कारखान्याच्या हुकांना आणि फळ्यांना जड होतं, मग त्याचा भाव वेगळा कापला जातो. आणि ज्याच्याकडे जागाच उरली नाही त्यानं धडधाकट डुकरं मारून पुरली. त्याबद्दल या भागात आजही कुणी मोठ्यानं बोलत नाही.

अर्जाची खिडकी २६ मे २०२० ला उघडली. प्रत्येक काउंटीत कृषिखात्याचं एक छोटं कार्यालय असतं, फार्म सर्व्हिस एजन्सीचं. तिथल्या कारकुनांना काउंटीतला प्रत्येक शेतकरी नावानं, बहुतेकदा गाडीवरूनही ओळखतो. त्या वसंतात त्यांची दारं बंद, काचेवर फोन नंबर, बाहेर कागद टाकायची पेटी. अर्ज म्हणजे एडी-३११४ हा नमुना. तो भरायला कृषिखात्यानं एक एक्सेलची फाइल दिली होती. पिवळ्या रकान्यांत आकडे टाकले की खाली रक्कम आणि पुढच्या पानावर भरलेला अर्ज तयार, छापून सही करायचा. ऐकायला सोपं. त्याच्या जोडीला मात्र बाकीची चळत: वार्षिक उत्पन्न नऊ लाख डॉलरच्या आत असल्याचं किंवा पंचाहत्तर टक्के उत्पन्न शेतीतलंच असल्याचं प्रमाणपत्र, कंपनी किंवा भागीदारी असेल तर सभासदांची यादी, धूप होणाऱ्या आणि पाणथळ जमिनीबद्दलची हमी, बँक खात्याचा नमुना. जे वर्षानुवर्षं कार्यालयात येतात त्यांचं हे सगळं फाइलीत आधीच असतं. ज्यांनी आजवर सरकारचं एक पैचं अनुदान घेतलेलं नाही, उदाहरणार्थ फक्त गुरं पोसणारा, त्यांना पहिल्यापासून सुरुवात. पहिली गाळण इथंच झाली.

चुका ठरलेल्या जागी होत. दूध पौंडात मोजलेलं असे आणि रकाना शंभर पौंडांचा. दोन शून्यं इकडंतिकडं झाली की रक्कम शंभरपट किंवा शंभरावा हिस्सा. दुभत्या गाई 'इतर जनावरं' या ओळीत घुसडल्या जात. त्या तिथं बसत नव्हत्या, त्यांची भरपाई दुधातून धरलेली होती. पण वयानं काढून टाकलेली गाय कत्तलीला विकली असेल तर ती मात्र ९२ डॉलरच्या ओळीत चालायची. सहाशे पौंडांखालच्या वासराला १०२, वरच्याला १३९. पाचशे नव्वदचं वासरू काट्यावर न चढवता 'सहाशे' लिहिलं की ३७ डॉलरचा मोह. १६ एप्रिल ते १४ मे या काळातला जनावरांचा सर्वांत मोठा एका दिवसाचा आकडा लिहायचा होता. कित्येकांनी अर्ज भरायच्या दिवशीचा आकडा लिहिला आणि स्वतःचंच नुकसान करून घेतलं. डुकरांच्या ओळीत तर लोक दोनदा डोळे चोळत: १२० पौंडांखालच्या पिल्लाला २८ डॉलर, मोठ्या डुकराला १८. छपाईची चूक नव्हती. दूध तुटलेल्या पिल्लांचा बाजार मोठ्या डुकरांच्या आधी झोपतो, कारण सहा महिन्यांनी हे कुणी घेईल की नाही याची भीती त्याच्या भावात आधीच उतरते.

मक्याची गोष्ट मला सगळ्यांत बोचते. दर बुशेलला (हे तिकडचं धान्याचं माप) ३२ आणि ३५ सेंट, दोन थैल्यांचे. मोजायचं काय, तर २०१९ च्या एकूण पिकाचा निम्मा भाग किंवा १५ जानेवारी २०२० ला कणगीत असलेला, भाव न ठरलेला मका, यांतलं जे कमी असेल ते. समजा नव्वद हजार बुशेल पिकले आणि १५ जानेवारीला तीस हजार बिनभावाचे पडून होते. निम्मं पीक पंचेचाळीस हजार, साठा तीस हजार. तीस हजार धरायचे. त्याचे अर्धे १५,००० गुणिले ३२ सेंट म्हणजे ४,८०० डॉलर, उरलेले १५,००० गुणिले ३५ सेंट म्हणजे ५,२५०. एकूण १०,०५०. आता शेजारच्याचं बघा. त्यानं शहाणपणा केला होता. नोव्हेंबरमध्येच बरा भाव दिसला तेव्हा वायदा करून सगळा मका विकून टाकला, द्यायचा फेब्रुवारीत. १५ जानेवारीला मका त्याच्याच कणगीत होता, पण भाव ठरलेला. त्याला शून्य. नियमाला धरून बरोबर आहे, ज्याचा भाव ठरला त्याचं कसलं नुकसान? पण तीस वर्षं विद्यापीठातली माणसं गावोगावच्या बैठकांत सांगत आली की थोडा माल आधी विकून ठेवा, सगळा कणगीत ठेवून भावाशी जुगार खेळू नका. ज्यानं ऐकलं त्याच्या नावावर काहीच नाही, जो हातावर हात ठेवून बसला त्याला दहा हजार. गव्हातही तोच प्रकार. ड्युरम आणि वसंतातल्या कडक लाल गव्हाला पैसे, मऊ लाल गव्हाला पहिल्या फेरीत काही नाही, कारण जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याचा भाव पाच टक्के पडला नव्हता. पाच टक्के ही चाळणी होती.

दुधाचं गणित त्या मानानं स्वच्छ. शंभर गाई, गाईमागं दिवसाला ऐंशी पौंड, जानेवारी ते मार्च ९१ दिवस, कारण लीप वर्ष. सात लाख अठ्ठावीस हजार पौंड, म्हणजे ७,२८० शंभरी. त्याला ४ डॉलर ७१ सेंटनं गुणलं की ३४,२८८.८०. मग त्याच दुधाला १.०१४ नं वाढवून, म्हणजे पुढच्या तिमाहीत थोडं जास्त निघतं असं धरून, १ डॉलर ४७ सेंटनं गुणलं की १०,८५१.४२. एकूण ४५,१४०.२२. एप्रिलमध्ये शाळा, हॉटेलं बंद झाल्यावर ज्यांनी शेणखड्ड्यात दूध सोडलं तेही आणि ज्यांचा एक थेंब वाया गेला नाही तेही, दोघं एकाच दरात. चीजसाठीच्या दुधाचा सरकारी भाव मे महिन्यात शंभर पौंडाला १२.१४ डॉलर होता आणि जुलैत २४.५४. दोन महिन्यांत दुप्पट! त्या भावचक्रात पंचेचाळीस हजारांचा चेक कुणाला तारक वाटला, कुणाला नुसती वरकड. दोघांच्या गाई एकाच डेअरीला जात असतील, तरीही.

पहिल्यांदा हातात आले ते फक्त ऐंशी टक्के. पैसा पुरेल की नाही याची धास्ती होती म्हणून वीस टक्के मागं ठेवले होते. जूनच्या पहिल्या आठवड्यात रकमा जमा होऊ लागल्या आणि ऑगस्टपर्यंत कळून चुकलं की मागणी सोळा अब्जांच्या जवळपासही जात नाही. तेव्हा उरलेले वीस टक्केही सोडले गेले.

मर्यादेची गोष्ट निराळी. एका माणसाला अडीच लाख डॉलर. एप्रिलच्या पहिल्या घोषणेत एका मालाला सव्वा लाखाचं वेगळं कुंपण होतं, ते मेच्या नियमांत गळून पडलं. सव्वा लाखाचं कुंपण टिकलं असतं तर पोसलेल्या गुरांचा मालक ५८४ जनावरांवर थांबला असता. आता तो १,१६८ वर थांबला. कंपनी असेल आणि तीन भागधारक वर्षाला प्रत्येकी चारशे तास अंगमेहनत किंवा देखरेख करत असतील तर मर्यादा साडेसात लाख, म्हणजे ३,५०४ जनावरं. चारशे तास म्हणजे आठवड्याला आठ तासांपेक्षाही कमी. शहरात नोकरी करणारी मुलगी शनिवारी हिशेबाच्या वह्या बघते, ती देखरेख की घरकाम? नोंदवही ठेवणाऱ्यांचा निभाव लागतो. मोठ्या शेतांना वकील असतात आणि वकिलांना नोंदवह्या ठेवायची सवय असते. पाचशे गुरांच्या मालकाला यातलं काही लागलंच नाही, तो मर्यादेच्या कितीतरी खाली होता. म्हणून कुणाला किती मिळालं याच्या काउंटीच्या याद्या वर जड दिसतात: थोड्या नावांपाशी मोठे आकडे आणि खाली चारपाच हजारांच्या ओळीच ओळी.

आणि कित्येक नावं यादीत नव्हतीच. सू काउंटीतल्या पत्र्याच्या बराकींपैकी पुष्कळांत उभी असलेली डुकरं बराकीच्या मालकाची नसतात. ती मोठ्या कंपनीची. कंपनी पिल्लं आणते, खाद्य आणते, औषध आणते. शेतकऱ्याची बराकी, त्याची वीज, त्याची मेहनत, खालच्या खड्ड्यातलं शेण त्याचं, आणि बराकीवरचं दहापंधरा वर्षांचं कर्जही त्याचं. २,४०० जनावरांची बराकी रिकामी राहिली तरी हप्ता रिकामा राहत नाही. कंपनीनं मे-जूनमध्ये नवी बॅच पाठवली नाही, कारण पुढची विक्रीच अडली होती. पण सी-फॅपचा पैसा जनावराच्या मालकाला. डुक्कर ज्याचं नाही त्याचं नुकसान तक्त्यात मोजायला ओळच नाही. जो रोज पहाटे आत शिरून मेलेलं एखादं बाहेर काढतो, पंखे साफ करतो, ज्याच्या अंगाचा वास अंघोळीनंही जात नाही, त्याच्यासाठी एडी-३११४ वर रकाना नव्हता. २७ डिसेंबर २०२० च्या कायद्यानं त्यांना दार उघडलं. प्रत्यक्ष नियम ठरता ठरता २०२१ चा ऑगस्ट उजाडला: २०२० चं कमाईचं पत्रक आणि आधीच्या वर्षाचं पत्रक शेजारी ठेवायचं, घटीच्या ऐंशी टक्के. अर्जाची शेवटची तारीख १२ ऑक्टोबर २०२१. वर्दिंग्टनचा कारखाना बंद पडून तोवर दीड वर्ष होत आलं होतं. मारून पुरलेल्या जनावरांसाठीची योजनाही त्याच उन्हाळ्यात आली, तीही बाजारभावाच्या ऐंशी टक्क्यांची. करार न करता खुल्या बाजारात डुकरं विकणाऱ्यांची, ज्यांना एप्रिलनंतर सगळ्यांत पडेल भाव मिळाला, त्यांची पाळी २०२१ च्या डिसेंबरात: डुकरामागं ५४ डॉलर, दहा हजार डुकरांपर्यंत. ज्याचं दुखणं जितकं खरं तितका त्याचा नंबर शेवटी, असा काहीसा क्रम लागला.

दुसरी फेरी सप्टेंबर २०२० मध्ये आली, चौदा अब्जांपर्यंतची, आणि ती पहिलीपेक्षा शहाणी होती. भाजीवाल्यांची परवड थांबली. पहिल्या फेरीत त्यांनी किती विकलं, किती पाठवून वाया गेलं, किती शेतात सडलं याचे तीन वेगळे हिशेब द्यायचे होते. आता २०१९ ची विक्री चाळीस हजार असेल तर तिच्या १०.६ टक्के, ४,२४० डॉलर, काम संपलं. मक्याला एकराप्रमाणे: एकर गुणिले चाळीस टक्के गुणिले ५८ सेंट गुणिले तुमचं विम्यातलं सरासरी उत्पन्न. पाचशे एकर आणि १८० बुशेलची सरासरी असेल तर २०,८८०. एकर कुठून घ्यायचे, तर जुलैत कार्यालयात नोंदवलेल्या पेरणीपत्रकातून, आपल्याकडच्या पीक पाहणीचा तो तिकडचा भाऊ. विमा नसेल तर काउंटीच्या ठरलेल्या उत्पन्नाच्या ८५ टक्के. यात चूक करायला फारशी जागाच नव्हती. गुरांना सरसकट ५५ डॉलर, पैदाशीची जनावरं वगळून; डुकरांना २३.

मग आलं वरातीमागून घोडं. मार्च २०२१ मध्ये जाहीर झालं की दुसऱ्या फेरीतल्या पिकांना एकरी आणखी २० डॉलर मिळणार, अर्ज करायची गरज नाही. तोवर मका पाच डॉलरच्या वर गेला होता, आदल्या उन्हाळ्यात तो तीनच्या आसपास होता. पाचशे एकरवाल्याला ऐन तेजीत दहा हजारांचा चेक. त्याच वेळी गुरांच्या त्या जुन्या ओळीला ठिगळ लावलं गेलं. १६ एप्रिलनंतर गोठ्यात उभ्या राहिलेल्या पोसलेल्या जनावरामागं आणखी ६३ डॉलर. ३३ अधिक ६३ म्हणजे ९६. अकरा महिन्यांनी, २१४ च्या निम्म्याहूनही कमी.

एका वेगळ्याच योजनेनं काउंटीच्या याद्यांत एक मजेदार आकडा सोडून दिला: २०,८३३. पगार टिकवण्यासाठी दिलेली ती माफीची कर्जं, मूळ छोट्या धंद्यांसाठी. एकट्यानं शेती करणाऱ्याला आधी निव्वळ नफ्यावर कर्ज मिळायचं आणि यंत्रांचा घसारा काढून नफा शून्य दाखवणाऱ्यांना काहीच नाही. डिसेंबर २०२० च्या कायद्यानं नफ्याऐवजी एकूण विक्री धरली. एक लाखाची कमाल, भागिले बारा, गुणिले अडीच. मक्याचं कुठलंही बऱ्यापैकी शेत एक लाखाची विक्री सहज ओलांडतं. म्हणून २०२१ च्या याद्यांत खेड्यामागून खेडं, नावामागून नाव, तोच आकडा. त्यात गरजू किती हे आकड्यावरून कळत नाही, कारण आकडा सगळ्यांचा सारखाच. मला त्यातलं समतेचं रूप आवडतं की राग येतो, हे अजून ठरवता आलेलं नाही.

ही टीका करताना एक गोष्ट विसरून चालत नाही. अर्ज केल्यापासून पंधरवड्याच्या आत लोकांच्या खात्यात पैसे पडत होते. खरं नुकसान मोजायचं म्हटलं असतं तर प्रत्येकाच्या विक्रीच्या पावत्या, खाद्याचे हिशेब, वायद्याचे कागद तपासावे लागले असते, आणि काउंटीच्या कार्यालयात तीनचार माणसं असतात. बँकेचा हप्ता पावत्या तपासून होईपर्यंत थांबत नाही. तारीख आणि मालकी या दोनच गोष्टी झटकन मोजता येतात, म्हणून त्याच मोजल्या. पुढं जेव्हा नुकसान खरोखर मोजायचं ठरवलं, करारावर डुकरं पाळणाऱ्यांसाठी, मारलेल्या जनावरांसाठी, तेव्हा वर्ष-दीड वर्ष लागलंच. पटकन मिळालेलं ओबडधोबड असणार आणि नेमकं मिळालेलं उशिरा असणार, एवढं मला मान्य आहे. मान्य नाही ते असं, की ओबडधोबडपणाचा फायदा प्रत्येक वेळी ज्याच्या नावावर माल आहे त्यालाच व्हावा. दोन्ही फेऱ्या मिळून तीस अब्जांच्या वर पैसा वाटला गेला. बराकीत उभा राहणाऱ्यासाठी पहिल्याच तक्त्यात एक ओबडधोबड ओळ घालायला काय हरकत होती? बराकीतल्या जागेमागं इतके डॉलर, बस. बराकीची क्षमता शेणव्यवस्थापनाच्या कागदांत राज्य सरकारकडे आधीपासून नोंदलेली असते. मोजायला एक दुपार पुरली असती.

पैसे घेतलेल्यांनी कागद तीन वर्षं जपून ठेवायचे होते. अर्जाच्या वेळी कुणी पुरावा मागितला नाही, सहीवर विश्वास ठेवला. पण काही नावं नंतर तपासणीसाठी निवडली गेली आणि त्यांना काट्याच्या चिठ्ठ्या, दूध डेअरीची पत्रकं, १५ जानेवारीच्या साठ्याची नोंद काढून द्यावी लागली. कणगीत किती मका होता हे दीड वर्षानंतर कसं दाखवणार? ज्यांनी कणगीच्या आत पट्टी टाकून उंची मोजली, व्यास लिहून ठेवला आणि तारीख घातली ते निर्धास्त. कणगीचा व्यास फुटांत घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, ०.७८५ नं गुणायचं, दाण्याच्या उंचीनं गुणायचं, आलेल्या घनफुटांना ०.८ नं गुणलं की बुशेल. तीस फुटांची कणगी आणि अठरा फूट मका असेल तर दहा हजारांवर पावणेदोनशेएक बुशेल. बाकीचे लोक आठवणीवर आकडा लिहून मोकळे झाले होते. जास्त घेतलेलं व्याजासकट परत द्यावं लागतं. आणि मिळालेली सगळी रक्कम करपात्र: पुढच्या जानेवारीत १०९९-जी नावाचा कागद टपालानं येतो, तो शेतीच्या उत्पन्नात दाखवायचा. करारावरच्या पाळणाऱ्याला तो कागद पहिल्या वर्षी आलाच नाही.